सोमवारी पाणी स्वच्छ यायचं

“काका, हे इन्फेक्शन नाही,” किडनीच्या मॅडम म्हणाल्या. “ह्याला कायलोपेरिटोनियम म्हणतात.”

एवढं लांबलचक नाव ऐकून माणसाने घाबरायला हवं. मी मात्र फक्त पहिलं वाक्य ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पोटातली नळी काढायचं ठरलं होतं. संमतीच्या कागदावर सही करायला सिस्टरने पेनही आणून ठेवलं होतं. मॅडमनी ते पेन उचललं आणि स्वतःच्या खिशात घातलं. त्या क्षणी मला रडू फुटलं. साठी उलटलेल्या माणसाने डॉक्टरसमोर रडायचं म्हणजे कसंतरीच वाटतं, पण आवरलं नाही.

ज्यांचं पोटाचं डायलिसिस चालू आहे त्यांना त्या नळीचं मोल सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. माझ्या दोन्ही किडन्या मधुमेहाने गेल्या. आधी मशीनवर डायलिसिस केलं. त्यासाठी हातात फिस्टुला करतात, म्हणजे धमनी आणि शीर जोडून मशीनसाठी रस्ता तयार करतात. माझा तो रस्ता दोनदा बंद पडला. मग पेरिटोनियल डायलिसिस सुरू झालं. पोटाच्या आत एक पातळ पडदा असतो, त्यालाच पेरिटोनियम म्हणतात. बेंबीजवळच्या नळीतून पोटात औषधी पाणी भरायचं, काही तास ठेवायचं, तेवढ्यात पडदा रक्तातली घाण त्या पाण्यात सोडतो, मग ते काढून नवं भरायचं. हे सगळं घरी, स्वतःच्या हाताने. मशीन नाही, हॉस्पिटलच्या फेऱ्या नाहीत.

घर म्हणजे रेवसजवळचं आमचं गाव. नोकरीभर मी रेवसच्या धक्क्यावर भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचची तिकिटं फाडली. बायको मंदा चार वर्षांपूर्वी गेली. एकुलती एक मुलगी सुप्रिया उलव्याला, दोघं नवराबायको नोकरी करणारी, फ्लॅट टीचभर. नळी गेली तर मानेत तात्पुरती नळी घालून पुन्हा मशीन, आठवड्यातून तीनदा हॉस्पिटल, आणि त्यासाठी कायमचं उलव्याला राहणं. मला घर सोडायचं नव्हतं. माझी सगळी धडपड एवढ्यासाठीच होती.

आता सुरुवातीपासून सांगतो.

पाणी बदलताना खोली बंद लागते. पंखा बंद, खिडकी बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुवायचे, आणि त्या वेळी आत कोणी यायचं नाही. जंतू आत गेला तर पेरिटोनायटिस होतो, म्हणजे पोटातल्या पडद्याला इन्फेक्शन. ट्रेनिंग देणाऱ्या सिस्टरनी तो शब्द इतक्या वेळा उच्चारला होता की मला स्वप्नातही तोच ऐकू यायचा. घरी आल्यावर मी दाराच्या कडीला एक लाल फडकं बांधलं. बंदरावर वादळाचा तीन नंबरचा बावटा लागला की लाँच बंद, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या दारावर बावटा दिसला की आत यायचं नाही, असं मी आळीत सांगून ठेवलं.

पाणी बदलायला अर्धा-पाऊण तास लागतो. बावटा तेवढ्यापुरताच होता. पण मग मी तो काढायचा कंटाळा करू लागलो. खरं सांगायचं तर कंटाळा नव्हता. लोक येऊन बसले की मंदाच्या गोष्टी काढायचे, ‘बिचारा’ म्हणायचे, काहीजण डायलिसिस लागट असल्यासारखे उंबऱ्याबाहेरच उभे राहायचे. त्यापेक्षा बावटा बरा. हळूहळू लोक यायचे थांबले. शेजारची हिराबाय तेवढी खिडकीबाहेरून ओरडायची, “दादूस, जेवलास का?” मी आतून “हो” म्हणायचो. कधीकधी दिवसभरात तोंडातून बाहेर पडलेला तेवढा एकच शब्द असायचा.

पोटातून निघालेलं पाणी स्वच्छ आहे का हे बघायची एक रीत आहे. पिशवीखाली छापील कागद ठेवायचा. अक्षरं वाचता आली तर पाणी ठीक. लोक वर्तमानपत्र ठेवतात. मी लाँचचं एक जुनं वेळापत्रक ठेवत असे, नोकरी सुटताना आणलेलं. फिक्या पिवळ्या पाण्यातून ‘रेवस’ आणि ‘भाऊचा धक्का’ ही अक्षरं रोज दिसायची. मी ती मोठ्याने वाचायचो. घरात आवाज हवा म्हणून.

त्या शुक्रवारी सकाळी पिशवी खाली ठेवली तर रेवसही नाही आणि भाऊचा धक्काही नाही. पिशवीत दूध होतं. अतिशयोक्ती करत नाही, डेअरीतून आणलेली पिशवी असावी तशी ती दिसत होती. पोटात दुखत नव्हतं, ताप नव्हता. तरी मी वेळापत्रक पुन्हा पुन्हा सरकवून पाहिलं. गढूळ पाणी म्हणजे इन्फेक्शन, हे डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

मी हॉस्पिटलात फोन केला. “ती पिशवी फेकू नका, घेऊन या,” सिस्टर म्हणाल्या. पिशवी दुसऱ्या पिशवीत बांधली, वर टॉवेल गुंडाळला आणि रिक्षा करून, मग गाडी करून नव्या मुंबईला गेलो. वाटेत ड्रायव्हरने विचारलं, “दूध कुठे घेऊन चाललात?” मी म्हटलं, “लेकीला.” काय सांगणार होतो त्याला?

हॉस्पिटलच्या काउंटरवर पहिला प्रश्न आला, “पेशंटसोबत कोण आहे?”

“मीच,” मी म्हटलं. “पेशंटही मी आणि सोबतही मीच.”

मुलगी हसली. पुढच्या दहा-बारा दिवसांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की माझं हसणं आटलं. सोनोग्राफीला नेताना, रक्त घेताना, औषधं आणायची चिठ्ठी देताना, प्रत्येक वेळी माझ्या पाठीमागे बघून विचारायचे. पाठीमागे भिंत असायची. सुप्रिया संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर धावत यायची, तासभर बसायची, डबा ठेवून जायची. तिची काही चूक नव्हती. पण ती गेली की खोली आधीपेक्षा जास्त रिकामी वाटायची.

इन्फेक्शन समजून मला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. पाण्याचे नमुने गेले. एक सेल काउंट, म्हणजे पाण्यात लढाऊ पांढऱ्या पेशी किती आल्या आहेत ती मोजणी. दुसरी कल्चर, म्हणजे जंतू वाढतात का ते बघणं. पेशी फारशा वाढलेल्या नव्हत्या. पण पाण्याचा रंग बघून वाट बघायला कोणी तयार नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. पिशवीतूनच अँटिबायोटिक सुरू झालं. शनिवारी दूध, रविवारी दूध.

सोमवारी माझा उपास होता.

खरं तर तो मंदाचा उपास. लग्न होऊन आली तेव्हापासून ती सोमवार करायची, आणि साधासुधा नाही. सूर्य मावळेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही. तिला बीपीची गोळी होती, तीही सोमवारी घ्यायची नाही. “गोळीबरोबर पाणी जातं, मग उपास कसला?” असं तिचं म्हणणं. मी चिडवायचो, “तुझ्या शंकराला गोळ्यांचा हिशोब ठेवायला वेळ आहे का?” ती ऐकायची नाही. ती गेली आणि पहिल्या सोमवारी मला काय करावं कळेना. सकाळपासून चूल थंड, घर थंड. मग मी तिचा सोमवार धरला. तिच्यासारखाच, गोळ्यांसकट. त्या दिवशी ती जरा जवळ आहे असं वाटतं, दुसरं कारण नाही. देवाधर्माचा मी फारसा नाही.

हॉस्पिटलात सिस्टर सकाळी वाटीत गोळ्या ठेवून पुढच्या खोलीत जायच्या. सोमवारच्या गोळ्या मी कागदाच्या पुडीत बांधून उशीच्या खोळीत सरकवल्या. सकाळचा चहानाश्ता परत पाठवला, भूक नाही म्हणून. संध्याकाळी सुप्रियाने वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी आणली. डॉक्टरांनी इतकी बंधनं घातलेला माणूस दाण्याची आमटी खातो म्हणून ती कुरकुरली, पण तिला माहीत होतं की त्या दिवशी वाद घालायचा नाही.

त्याच संध्याकाळी पाणी निवळलं. रात्रीची पिशवी तर अगदी स्वच्छ होती. सिस्टरनी तिच्याखाली पेपर धरला आणि आम्ही दोघांनी त्यावरची सोन्याची जाहिरात वाचली. सगळ्यांना आनंद. “अँटिबायोटिक लागू पडलं,” राउंडवरचे डॉक्टर म्हणाले. मला आतून वाटत होतं, मंदाचा सोमवार पावला. पण हे बोललो असतो तर हसले असते.

मंगळवारी सकाळी गोळ्या घेतल्या. संध्याकाळी पुन्हा दूध.

त्यानंतरचा आठवडा मला नीट आठवत नाही आणि आठवायचाही नाही. अँटिबायोटिक बदललं. कल्चरमध्ये काही वाढलं नाही असा रिपोर्ट आला, तर त्याचीच भीती. जंतू सापडत नाही म्हणजे बुरशी असेल, टीबी असेल. सीटी स्कॅन केला, कारण पोटात गाठ असली तरी असं होऊ शकतं. ‘गाठ’ हा शब्द त्यांनी हळू आवाजात उच्चारला, पण खोलीत दुसरं कोणी नव्हतंच, त्यामुळे तो सगळाच्या सगळा माझ्या वाट्याला आला. स्कॅनसाठी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. शेजारी एका म्हाताऱ्या बाईंना तिघं धरून बसले होते, एक पाणी देतोय, एक वारा घालतोय. मला त्या बाईंचा हेवा वाटला. आजाराचा नाही, गर्दीचा.

स्कॅनमध्ये गाठ निघाली नाही. पण पाणी निवळेना. मॅडमनी समोर बसून सांगितलं, “औषध देऊनही पाणी साफ होत नसेल तर नळी ठेवणं धोक्याचं असतं. पडदाच खराब होतो, जिवावर बेतू शकतं. सोमवारपर्यंत बघू. नाहीतर मंगळवारी नळी काढू.”

सुप्रिया म्हणाली, “पप्पा, उलव्याला चला. मी हॉलमध्ये कॉट टाकते.” तिने ते इतक्या मायेने म्हटलं की मला नाही म्हणता आलं नाही. ती गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडलो. हॉलमधली कॉट मला दिसत होती. टीव्हीसमोरची, येणाऱ्याजाणाऱ्याला अडचण करणारी. आणि रेवसचं घर दिसत होतं, दारावर बावटा, आत कोणी नाही. त्या बावट्यासाठी मी एवढा का तळमळतोय, हेही मला सांगता आलं नसतं.

सोमवार आला. मी उपास केला. खरं सांगतो, त्या दिवशी मी मंदाला नवससुद्धा बोललो. गोळ्या पुडीत, पुडी खोळीत.

संध्याकाळी पाणी स्वच्छ आलं.

मॅडम आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक नवा रिपोर्ट होता. स्कॅननंतर त्यांनी पाण्यातलं ट्रायग्लिसराइड तपासायला पाठवलं होतं. ट्रायग्लिसराइड म्हणजे चरबीचा एक प्रकार. तो पाण्यात भरपूर निघाला होता. मग त्या मी सुरुवातीला सांगितलेलं वाक्य बोलल्या. आपण खाल्लेली चरबी आतड्यातून बारीक नळ्यांमधून रक्तात जाते, त्या नळ्यांतला पांढरा रस म्हणजे काइल. तो पोटातल्या पाण्यात उतरला की पाणी दुधासारखं दिसतं. त्यात जंतू नसतात. पोटाचं डायलिसिस करणाऱ्यांत हे क्वचितच दिसतं. कारणं अनेक असतात, काही भयंकर, काही अगदी साधी.

त्या खुर्ची ओढून बसल्या. “काका, मला एक कळत नाही. दोन्ही वेळा पाणी सोमवारीच साफ झालं. औषधं तर रोज तीच आहेत. सोमवारी तुमचं काय वेगळं असतं?”

“उपास असतो.”

“अच्छा. म्हणजे चरबी पोटात गेली नाही म्हणून.” त्यांनी मान हलवली आणि मग थांबल्या. “पण उपास सोडताना काय खाता?”

मी दाण्याची आमटी सांगितली. दाण्यात तेल भरपूर. त्यानंतरही रात्रीची पिशवी स्वच्छ होती. मॅडम विचारात पडल्या. मग अगदी सहज म्हणाल्या, “अजून काय काय नाही घेत उपासाला?”

मी उशीच्या खोळीत हात घातला आणि पुड्या काढून त्यांच्या हातावर ठेवल्या.

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी राग, मग दुसरंच काहीतरी. त्यांनी पुड्या सोडल्या, गोळ्या पांघरुणावर मांडल्या आणि एक छोटी गोळी बाजूला केली. “ही कधीपासून?”

ही बीपीची नवी गोळी. बीपी वाढलं म्हणून तपासणीला गेलो होतो तेव्हा बदलून दिलेली. गुरुवारी सकाळी पहिली घेतली. शुक्रवारी सकाळी दूध.

मॅडमनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. कॅल्शियम चॅनल ब्लॉकर नावाचा औषधांचा एक गट आहे. रक्तवाहिन्या सैल करून ती बीपी उतरवतात. चांगली औषधं आहेत, पुष्कळांना सुखाने चालतात. पण पोटाचं डायलिसिस करणाऱ्या एखाद्याला ह्या गटातल्या काही गोळ्यांनी पाणी पांढरं येतं. का, ते अजून नीट कळलेलं नाही. गोळी थांबवली की थांबतं.

“आणि गोळ्या लपवल्याबद्दल तुम्हाला ओरडू की नको?” त्या म्हणाल्या. “आज तुमचं बीपी किती वर आहे माहिती आहे? झटका आला असता म्हणजे?” त्यांनी मला चांगलंच झापलं. मी मान खाली घालून ऐकलं, आणि मनात मात्र लाडू फुटत होते.

ती एक गोळी बंद झाली, दुसऱ्या जातीची सुरू झाली. मंगळवारी नळी काढली नाही. पाणी स्वच्छ. बुधवारी स्वच्छ. अँटिबायोटिक थांबवलं, तरी स्वच्छ. सिस्टर पेपर घेऊन आल्या की मी बातम्या वाचून दाखवायचो, मग त्या म्हणायच्या, “पुरे काका, मला बाकीचेही पेशंट आहेत.”

घरी सोडायच्या दिवशी सुप्रियाने पुन्हा उलव्याचा विषय काढला. “नळी राहिली म्हणून काय झालं? दूध पिशवीत बघितलंत तेव्हा जवळ कोण होतं? तुमच्या दारात तो बावटा असताना तुम्ही आत पडलात तरी कोणाला कळणार नाही.” ती रडत होती. तिचं खरं होतं. मी तिला म्हटलं, एक महिना दे. नाही जमलं तर तुझी कॉट घाल.

घरी आलो. पाणी बदललं, पिशवीखाली वेळापत्रक धरलं. रेवस. भाऊचा धक्का. मोठ्याने वाचलं. मग मास्क काढला, खिडकी उघडली, पंखा लावला आणि कडीवरचा बावटा सोडला. इन्फेक्शनच्या धाकाने मी सगळ्यांना बाहेर ठेवलं होतं, आणि झालं ते इन्फेक्शन नव्हतंच. आता पाणी बदलताना बावटा लागतो आणि झालं की उतरतो. हे नियमाने करतो.

पहिल्यांदा बावटा नाही असं बघून हिराबाय दारात येऊन थबकली. “दादूस, येऊ का? काय लागट न्हाय ना?”

“काही लागट नाही. बस.”

ती बसली. तिला सगळी हकीकत सांगितली. सोमवार, गोळ्या, उशीची खोळ. ती डोळे मोठे करून ऐकत होती. शेवटी मी तिला जे विचारलं ते चार वर्षांत कोणाला विचारलं नव्हतं. आता सोमवारी गोळ्या घ्यायच्या आहेत, डॉक्टरने बजावलंय. मग मंदाचा उपास मोडला का?

“गोली काय जेवान हाय व्हय?” हिराबाय म्हणाली. “वैनीला म्या पन हेच सांगायची. ऐकायची न्हाय ती. लय हट्टी.” आणि पदराने डोळे पुसले. मंदाची आठवण काढणारं माझ्याशिवाय आणखी कोणी आहे, हे मी विसरूनच गेलो होतो.

आता सोमवारी सकाळी घोटभर पाण्याबरोबर गोळ्या घेतो आणि बाकीचा उपास पाळतो. आपली लढाई लढणाऱ्यांना दोनच गोष्टी सांगेन. पाणी पांढरं आलं तर अंदाज बांधत बसू नका, पिशवी घेऊन ताबडतोब हॉस्पिटल गाठा, बहुतेक वेळा ते इन्फेक्शनच असतं. आणि डॉक्टरला सगळं सांगा. नवी गोळी, उपास, काय खाल्लं, काय नाही घेतलं. माझं लपवणं माझ्या कामी आलं, ते नशीब. मॅडम त्याला योगायोग म्हणतात. मी मंदाचं नाव घेतो, मनातल्या मनात.

महिन्याने तपासणीला गेलो. हिराबायने दोन दिवस आधीच सांगून ठेवलं होतं की तिला हॉस्पिटल कसं असतं ते बघायचंय. मॅडमसाठी पांढऱ्या कांद्याची एक माळही तिने बरोबर घेतली होती. काउंटरवर तीच मुलगी होती. तिने तोच प्रश्न विचारला आणि सवयीने माझ्या पाठीमागे बघितलं.

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, “मी हाय ना. शेजारीन.”